जखमा बांधणारा माणूस घरी येतो तेव्हा



गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई आणि बँकेचं कर्ज यांवर बोलतो. आज आम्ही एक वेगळा विषय घेतला आहे. तो आपल्यातल्या बऱ्याच घरांतला आहे, पण त्यावर कुणी फारसं बोलत नाही. विषय आहे फौजेत राहून जखमींची सेवा करणारा माणूस, त्याची लढाईतली नोकरी आणि त्याचं घरी परतणं.

फौजी म्हटलं की बंदूक घेतलेला जवान डोळ्यांपुढे येतो. पण प्रत्येक पलटणीबरोबर असेही लोक असतात ज्यांचं काम गोळी मारण्याचं नसतं. गोळी लागलेल्याला उचलायचं, रक्त थांबवायचं, पाणी पाजायचं आणि दवाखान्यापर्यंत जिवंत पोचवायचं, हे त्यांचं काम. अशी नोकरी करून निवृत्त झालेले दादा, काका आपल्याही गावांत आहेत. गाव त्यांना ‘मिलिटरीतला डॉक्टर’ म्हणतं, इंजेक्शन द्यायला बोलावतं. त्यांनी तिकडे काय पाहिलं, ते मात्र कुणी विचारत नाही.

हे काम कसं असतं आणि त्या माणसाचं घरी येणं कधी पुरं होतं, ते समजून घ्यायला आम्ही शंभर वर्षांपूर्वीची एक खरी हकिकत निवडली आहे. माणसं बंगालची, लढाई इराकमधली, आणि फौजेच्या नावात आपलं पुणं आहे.

पुण्याचं नाव, इराकची लढाई

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला होतं आणि आजचा इराक तुर्कांच्या ताब्यात होता. त्या मुलखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. इंग्रजांनी तिकडे जी फौज धाडली तिचं नाव ‘सहावी पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांत सातारा, कोल्हापूर, कोकण या भागातली शेतकऱ्यांची पोरं होती. पुढे युद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या आसपास हिंदी माणसं त्या मुलखात जाऊन आली. काही आलीच नाहीत.

आपल्याकडे कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक जुना दगड बसवलेला आहे. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईत गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असं त्यावर कोरलेलं असतं. आकडा असतो, नावं नसतात. तुमच्या गावात असा दगड असेल तर एकदा जाऊन वाचा.

त्या काळी बंगाली पोरांना इंग्रज फौजेत घेत नसत. ही लढाऊ जात नाही, असं ते म्हणत. तेव्हा कलकत्त्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, बंदूक देत नसाल तर निदान जखमींची सेवा तरी करू द्या. म्हणून १९१५ साली ‘बेंगॉल अँब्युलन्स कोअर’ उभी राहिली. तिच्यात शिशिर प्रसाद सर्वाधिकारी नावाचा एक शिकलेला तरुण साधा शिपाई म्हणून भरती झाला. आजची मुख्य हकिकत त्याची.

अँब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे

आपण १०८ ला फोन करतो आणि गाडी येते, तिला आपण अँब्युलन्स म्हणतो. फौजेत मात्र ‘फील्ड अँब्युलन्स’ म्हणजे माणसांची तुकडी. तिच्यात डॉक्टर, मलमपट्टी करणारे आणि स्ट्रेचर उचलणारे असतात. काम साखळीसारखं चालतं. पहिली कडी म्हणजे गोळी चालू असताना पुढे जाऊन जखमीला उचलणारे. दुसरी कडी जवळच्या आडोशाला केलेलं प्रथमोपचाराचं ठाणं. तिथे रक्त थांबवतात, मोडलेल्या हाडाला फळी बांधतात. तिसरी कडी मागच्या बाजूचा तंबूतला दवाखाना आणि चौथी कडी मोठं इस्पितळ. या साखळीतली एक कडी तुटली तरी माणूस वाटेतच जातो.

त्या लढाईत ही साखळी सगळीकडेच तुटली होती. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉन या ठिकाणी मोठी लढाई झाली. एका लढाईत इंग्रजांच्या बाजूची साडेचार हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. वरच्या साहेबांनी दवाखान्याची जी तयारी केली होती ती याच्या जवळपासही पोचत नव्हती. जखमींना नदीवरच्या बोटींपर्यंत न्यायला खेचरांच्या गाड्या होत्या. त्यांना स्प्रिंग नव्हत्या, वाट उखळीची. मोडलेल्या पायाच्या माणसाला अशा गाडीत घालून मैलोन् मैल नेलं तर काय होईल, ते बैलगाडीतून बाळंतिणीला दवाखान्यात नेलेल्या बाईला सांगायला नको.

बोटीत तर त्याहून वाईट. जखमी उघड्या डेकवर दाटीवाटीने पडलेले, अंगाखाली घाण, दिवसेंदिवस पट्टी बदललेली नाही. अशी एक बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने ती पाहिली आणि सगळं खरं खरं लिहून वर कळवलं. वरिष्ठांनी त्यालाच दटावलं. पण गोष्ट दबली नाही. लंडनला चौकशी समिती बसली, १९१७ साली अहवाल आला आणि हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. एका डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर उतरवलं, म्हणून हे घडलं.

याच लढाईतले कितीतरी जखमी जहाजाने मुंबईला आणले गेले. मुंबईत आज जे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्या इमारतीत युद्धाच्या काळात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. सहलीला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

वेढ्यातली भूक

टेसिफॉनहून फौज मागे हटली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावात शिरली. तुर्कांनी चारी बाजूंनी वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला. शिशिर आणि त्याचे सोबती आतल्या दवाखान्यात काम करत होते. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजेची हजारो माणसं पडली, पण वेढा फुटला नाही. शेवटी शेवटी विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, त्यातली काही नदीतच पडली.

या वेढ्यात दोन आजार आले. ते आपण बायकांनी नीट समजून घ्यावेत असे आहेत. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळत असे. त्यांना बेरीबेरी झाला, म्हणजे पाय सुजतात, पायातली ताकद जाते, हृदय कमजोर होतं. आपल्या सैनिकांना कोंड्यासकट आटा मिळत असे, त्यांना बेरीबेरी झाला नाही. पुढे मैदा संपला आणि गोऱ्यांनाही आटा आणि जवाचं पीठ द्यावं लागलं, तेव्हा त्यांचाही आजार हटला. धान्याच्या कोंड्यात जे जीवनसत्त्व असतं त्याचा हा गुण.

आपल्या सैनिकांना मात्र दुसराच आजार झाला, स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, भरलेली जखम पुन्हा उघडते. कारण पालेभाजी नाही, लिंबू नाही, फळ नाही. गोरे सैनिक घोड्याचं ताजं मांस खात होते, त्यातून त्यांना थोडं मिळत होतं. आपल्या बहुतेकांनी धर्मापायी आणि गावी गेल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने ते मांस नाकारलं. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत ऐकेनात. पाच महिने भुकेने मरायला टेकलेला माणूस गावच्या बोलण्याला भितो, यावरून घरी परतणं किती अवघड असतं ते कळतं. माणूस लढाईत असतो तेव्हाही त्याचं अर्धं मन गावात असतं.

दवाखान्यात औषध संपलेलं. काहींनी नदीकाठचा पाला खुडून त्याची भाजी करून खाल्ली. जखमा बांधणाऱ्यांना तेव्हा कळलं असेल की पट्टीपेक्षा पालेभाजीचं मोल जास्त आहे.

२९ एप्रिल १९१६ ला फौजेने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदी झाली. त्यात आपले मराठे होते आणि शिशिरही होता.

बुटात लपवलेले कागद

शिशिर रोज काहीबाही लिहून ठेवत असे. शत्रूच्या हाती लागायचं तेव्हा त्याने आपली वही फाडली आणि कागदाचे तुकडे बुटात कोंबले. बगदादला पोचल्यावर दुसऱ्या वहीत ते पुन्हा उतरवून काढले. पुढे एकदा ती वही जमिनीत पुरूनही ठेवावी लागली.

बगदादच्या पुढे समारापर्यंत रेल्वे होती. तिथून पुढे उन्हातून वाळवंटातली पायपीट. मागे पडला तो गेला. शेवटी रास-अल-ऐन नावाच्या ठिकाणी कैद्यांना रेल्वेच्या कामावर लावलं. वाटेत आणि तिथे हजारोंनी जीव सोडला. शिशिरला रुग्णसेवेचं काम येत होतं, म्हणून त्याला कैद्यांच्या दवाखान्यात ठेवलं. पुढे अलेप्पोच्या इस्पितळातही त्याने काम केलं. तिथे त्याच्यासमोर आपले होते, इंग्रज होते आणि तुर्कही होते. ताप सगळ्यांना सारखाच येतो. बरोबरच्या तुर्कांशी तो आपापल्या घरच्या सुखदुःखाच्या गोष्टी बोलत असे. त्याच मुलखात तुर्की सरकारने घरादारातून हाकलून दिलेल्या आर्मेनियन लोकांचे हालही त्याने पाहिले. ज्यांच्याकडे गावच उरलं नाही अशा बाया आणि मुलं. तेही त्याने लिहून ठेवलं.

रास-अल-ऐनला आणखी एक बंगाली होता, कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. तो सरकारी फौजेतला डॉक्टर. तो आईला लांबलचक पत्रं लिहीत असे. देशप्रेमाच्या नावाखाली एक देश दुसऱ्याची जमीन बळकावतो आणि त्यातून ही कापाकापी होते, असं त्याने इंग्रजांच्याच वर्दीत राहून आईला लिहिलं होतं. कल्याण परत आला नाही. १९१७ साली कैदेत रोग्यांची सेवा करता करता तो स्वतः आजारी पडून गेला.

युद्ध संपलं, शिशिर कलकत्त्याला घरी आला.

आजी आणि सूनबाई

आता मुख्य गोष्ट ऐका. या दोघांची हकिकत आज आपल्याला कळते ती दोन बायकांमुळे.

कल्याण गेला तेव्हा त्याची आजी मोक्षदा देवी हयात होती. नातवाच्या दुःखात ती नुसती बसून राहिली नाही. तिने त्याची पत्रं गोळा केली, ती नीट लावली आणि त्याचं चरित्र लिहिलं. १९२८ साली ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक छापून आलं तेव्हा आजी ऐंशीच्या घरात होती. नातू परत आला नाही, पण आजीने त्याची गोष्ट घरी आणली.

शिशिर स्वतः परत आला, पण त्याची गोष्ट वहीतच राहिली. लढाई होऊन चाळीस वर्षं झाली. मग त्याची सून रोमोला पुढे आली. तिच्या मदतीने त्या जुन्या नोंदींचं पुस्तक झालं. ‘अभी ले बगदाद’ हे त्याचं नाव, फौजी हिंदुस्तानी बोलीतलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते निघालं, तेही घरच्या घरी, कुठल्या मोठ्या छापखान्याच्या नावाने नाही. आज त्या लढाईचा अभ्यास करणारे जगभरचे लोक हे पुस्तक शोधत येतात, कारण साध्या हिंदी शिपायाने स्वतः लिहिलेलं फार थोडं उरलं आहे.

बसऱ्याला त्या युद्धातल्या मृतांचं मोठं स्मारक आहे. चाळीस हजारांहून जास्त मृतांचं ते स्मारक. पण त्यावर इंग्रजांची नावं कोरली आणि आपल्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा दिला. गावच्या दगडावरही आकडा आणि तिथेही आकडा. ज्या घरात आजीने किंवा सुनेने कागद जपला, तिथेच माणसाचं नाव राहिलं.

म्हणून आम्हाला वाटतं, फौजी स्टेशनवर उतरला, आपण ओवाळलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, म्हणजे त्याचं घरी येणं पुरं झालं असं नाही. त्याने जे पाहिलं ते ऐकायला घरात कुणीतरी बसलं, की मग तो खरा घरी आला. जखमा बांधणाऱ्याचं तर विशेषच. त्याने मारलेलं नसतं, पण त्याच्या हातात माणसं गेलेली असतात. कुणाला वाचवता आलं नाही, त्याचं ओझं तो घेऊन येतो.

आपल्या घरात काय करता येईल

घरातला माणूस फौजेतून आला आहे आणि रात्री दचकून उठतो, फटाक्याच्या आवाजाने अंगाला घाम फुटतो, लग्नाच्या गर्दीतून उठून जातो, एकटा बसतो, चिडतो किंवा पिणं वाढलं आहे, तर ‘बाहेरचं लागलं’ म्हणून उतारा काढत बसू नका. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. निवृत्त सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला ईसीएचएसच्या कार्डावर दवाखाना मिळतो. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि तो चिडून हात उगारत असेल, तर ते सोसणं म्हणजे सेवा नव्हे. आधी आपण आणि मुलं सुरक्षित राहायचं, मग उपचाराचं बघायचं.

बोलतं करायचं असेल तर ‘किती माणसं मेली?’ असं विचारू नका. ‘तिकडे जेवायला काय मिळायचं? थंडीत अंगावर काय घ्यायचा? बरोबर कोण होतं?’ असं विचारा. माणूस भाकरीपासून बोलायला लागतो आणि मग आपोआप पुढे जातो. नाही बोलला तर जबरदस्ती नको. आज नाही तर पुढच्या दिवाळीला.

आता कागदांचं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मेडल, जुनी पत्रं, फोटो हे पत्र्याच्या पेटीत तळाला टाकू नका. कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून मुलीकडे, सुनेकडे पाठवून ठेवा. फौजेच्या कागदावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख काय आहे, ते आधार कार्डाशी जुळतं का, हे माणूस हयात असतानाच बघा. कागदावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, एवढ्यावरून कुटुंब पेन्शन अडकते आणि मग म्हाताऱ्या बाईला हेलपाटे घालावे लागतात. दुरुस्ती कशी करायची ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. एकटीला जायला अवघड वाटलं तर गटातल्या दोघीतिघी मिळून जा.

आणि शेवटचं काम गटाचं. दर बैठकीला आपण प्रोसिडिंग लिहितो. कोण हजर, किती बचत, कुणाला कर्ज, सगळं तारखेनिशी. लिहायची सवय आपल्याला आहेच. त्याच हाताने एक शंभर पानी वही घाला. गावातून फौजेत कोण कोण गेलं, कुठल्या पलटणीत होतं, काय काम केलं, कोण आलं, कोण आलं नाही, हे त्यात लिहा. गावच्या दगडावर नुसता आकडा असेल तर त्यातल्या जितक्यांची नावं म्हाताऱ्या माणसांना आठवतात तितकी लिहून घ्या. ज्या आज्जींना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, आठवी-नववीतल्या नातीने लिहावं. त्या आज्जीचंही नाव खाली घाला, कारण माणूस लढाईवर गेला तेव्हा रान, जनावरं आणि पोरं तिनेच सांभाळली.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या आणि वही कुणाकडे राहील ते ठरवून प्रोसिडिंगमध्ये नोंदवा. पहिलं पान भरलं की आम्हाला कळवा, ते आपण याच कार्यक्रमात वाचून दाखवू.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.